माळावर दगडाखाली सापडलेला राठ केसांचा लहान उंदीर कोणता?

साक्री तालुक्यातील एका माध्यमिक शिक्षकांनी तीन छायाचित्रे पाठवून पुढील माहिती विचारली आहे. गावाबाहेरच्या गायरानात विद्यार्थ्यांना एका सपाट दगडाच्या कडेला बीळ दिसले, दगड उचलल्यावर अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, पाठीवर राठ केस असलेला उंदीर निघाला आणि बिळाच्या तोंडाशी वेचून आणल्यासारखे बारीक खडे पडलेले होते. गावातील काहींच्या मते ते घरातल्या उंदराचे पिल्लू आहे, तर काहींच्या मते चिचुंद्री. गायरानाला लागून असलेल्या शेताच्या मालकाने बाजरी वाचवण्यासाठी माळावरच्या बिळांतही विषारी औषध टाकण्याचे ठरवले आहे. हा प्राणी कोणता आणि औषध टाकणे योग्य आहे का, असे दोन प्रश्न आहेत.

औषधाचा निर्णय तातडीचा असल्यामुळे त्याचे उत्तर आधी देतो. माळावरच्या बिळांत औषध टाकू नये. छायाचित्रातला प्राणी घरातला उंदीर नाही, पिल्लूही नाही आणि चिचुंद्री तर मुळीच नाही. तो माळावरच राहणारा, पूर्ण वाढ झालेला रानउंदीर आहे. पिकाची नासाडी करणारे जे कृंतक (कुरतडणारे प्राणी) खानदेशात आहेत, त्यांत त्याची गणना होत नाही. गेली अनेक वर्षे मी धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील माळांवर लहान सस्तन प्राण्यांची पाहणी करत आलो आहे. या काळात सर्वांत जास्त वेळा ज्याची ओळख चुकलेली मला दिसली, तो प्राणी हाच.

चिचुंद्रीची शंका सहज दूर करता येते. चिचुंद्रीचा मुस्कट सोंडेसारखा लांब आणि सतत हलणारा असतो, डोळे मोहरीएवढे बारीक असतात आणि तिचे दात टोकदार, एकाला एक लागून असतात, कारण ती कीटकभक्षी गटातली आहे. उंदराच्या कुळाशी तिचा संबंध नाही. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात डोळे मोठे आणि काळेभोर आहेत, कान गोल व उघडे आहेत आणि पुढचे पटाशीचे दात स्पष्ट दिसतात. एवढ्यावर तो प्रश्न मिटतो.

घरउंदराची शंका मात्र जरा सावकाश तपासावी लागते, कारण आकाराने दोघे जवळपास आहेत. घरउंदराची शेपूट साधारणपणे धडाएवढी किंवा धडापेक्षा लांब असते, पोट मळकट राखाडी असते, केस मऊ असतात, अंगाला तो ओळखीचा उग्र वास येतो आणि वरच्या पटाशीच्या दाताला बाजूने पाहिले तर टोकाच्या मागे एक खाच दिसते. ही खाच घरउंदराची फार भरवशाची खूण आहे. तुमच्या प्राण्याची शेपूट धडापेक्षा आखूड आहे, पोट स्वच्छ पांढरे आहे, पाठ आणि पोट यांच्या रंगांमधली सीमा ठळक आहे आणि पाठीवरचे केस चपटे, ताठ, टोकाकडे निमुळते झालेले आहेत. ‘हात उलटा फिरवला की टोचते’ असे विद्यार्थ्यांनी सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची नोंद तीच आहे. पिल्लाच्या अंगावर असे केस येत नाहीत, आणि शेतातल्या किंवा घरातल्या लहान उंदरांच्या अंगावर ते कधीच नसतात.

असे केस असलेल्या उंदरांचा एक वेगळा गट आहे. शास्त्रीय वर्गीकरणात घरउंदीर ज्या ‘मस’ प्रजातीत (जवळच्या जातींच्या समूहात) येतो तिच्याच ‘पायरोमिस’ या उपप्रजातीत हा गट मोडतो. आपल्या द्वीपकल्पात या गटातले तीन उंदीर आहेत. पहिला ‘मस प्लॅटिथ्रिक्स’. ‘प्लॅटिथ्रिक्स’ हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थच ‘चपट्या केसांचा’ असा आहे. तिघांत तो मोठा. दुसरा ‘मस सॅक्सिकोला’, म्हणजे खडकात राहणारा. तिसरा, आकाराने लहान आणि सर्वांत कमी माहीत असलेला, ‘मस फिलिप्सी’. मराठीत त्याला रूढ नाव नाही, म्हणून मी नोंदवहीत त्याला ‘फिलिप्सचा काटेरी उंदीर’ असे लिहितो. काटेरी म्हणजे साळिंदरासारखा नव्हे. ब्रशच्या केसांसारखा राठ, एवढाच अर्थ घ्यावा.

या फिलिप्सच्या उंदराचे खानदेशाशी नाते आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांचे मोठे सर्वेक्षण हाती घेतले. नमुने गोळा करण्यासाठी क्रम्प नावाच्या संग्राहकाला नेमले आणि त्या सर्वेक्षणाचा पहिलाच अहवाल खानदेशाविषयी निघाला. पुढे वऱ्हाड आणि निमाड येथील संग्रहांचे अहवाल आले. हे नमुने लंडनच्या संग्रहालयात तपासणारे आर. सी. रॉटन हे मुंबई इलाख्यात वनाधिकारी म्हणून काम केलेले गृहस्थ होते. त्यांनी १९१२ मध्ये या लहान उंदराचे नवी जाती म्हणून वर्णन प्रसिद्ध केले, आणि ज्या नमुन्यावरून ते केले तो होता असीरगडचा. रावेरहून बऱ्हाणपूर ओलांडून उत्तरेला निघाले की लागणारा हा तोच असीरगड, जो फारुकी सुलतानांच्या ताब्यात होता आणि १६०१ मध्ये अकबराने घेतला. आजच्या सीमेप्रमाणे तो मध्य प्रदेशात आहे, पण इतिहासाने तो खानदेशाचाच किल्ला. शास्त्राला या उंदराची पहिली ओळख ज्या टेकड्यांवर झाली, त्या आपल्या उंबरठ्यावरच्या आहेत, हे मला येथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावेसे वाटते.

आता तुमचा प्राणी या तिघांपैकी कोणता? तुम्ही पट्टी शेजारी ठेवून छायाचित्र काढले हे फार चांगले केले. त्यावरून धड सात ते साडेसात सेंटिमीटरचे दिसते. मोठा प्लॅटिथ्रिक्स त्यामुळे मागे पडतो. उरलेल्या दोघांत माझा कल फिलिप्सकडे आहे, पण छायाचित्रावरून मी तसे लिहून देणार नाही, कारण या दोघांतला निर्णय मागच्या पावलाची लांबी, कवटीची मापे आणि दाढांची रचना पाहूनच करायचा असतो, आणि त्यासाठी जिवंत प्राणी मारण्याचे काही कारण नाही. मी सुचवीन की शाळेच्या नोंदीत ‘काटेरी केसांचा रानउंदीर, पायरोमिस गट, बहुधा फिलिप्सचा’ असे लिहावे. जेवढे खात्रीचे तेवढेच लिहिलेली नोंद पन्नास वर्षांनीही उपयोगी पडते. घाईने लिहिलेले जातीचे नाव पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या वाटेने नेते.

बिळाच्या तोंडाशी असलेल्या खड्यांविषयी तुम्ही विचारले, ते वाचून मला आनंद झाला. वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दक्षिण मराठा मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत त्याने प्लॅटिथ्रिक्सविषयी लिहिले आहे की हा उंदीर लाल मुरमाड जमिनीत बीळ करतो, आत असला की बारीक खड्यांनी तोंड बंद करतो, बाहेर खड्यांचा साठा असतो म्हणून त्याचे घर ओळखता येते, आणि आतल्या खोलीतही तो खड्यांचेच अंथरूण करून बसतो. ही माहिती त्याला कोणाकडून मिळाली असेल, याचा अंदाज त्याने नोंदवलेल्या नावांवरून बांधता येतो. या उंदराला वडार लोक ‘लेग्गडे’ म्हणतात आणि मऊ केसांच्या शेतातल्या उंदराला ‘मेट्टडे’ म्हणतात, हे त्याने लिहून ठेवले, आणि हेच शब्द थोड्या फरकाने लॅटिन वळणाच्या शास्त्रीय नावांत गेले. ‘मिलार्डिया मेल्टाडा’ या नावात वडारांचा तो शब्द आजही आहे. दगडमातीत आयुष्य घालवणाऱ्या लोकांना या बिळांची ओळख पुस्तकांच्या आधीपासून होती. मलाही पहिले खडेवाले बीळ शहाद्याजवळ एका गुराख्याने दाखवले. मी त्याच्यावरून दोनदा चालत गेलो होतो.

हे उंदीर राहतात त्या जमिनीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण औषधाच्या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे. तापीच्या काठची खोल काळी जमीन, जिथे केळी आणि कापूस होतो, ती या उंदराची नव्हे. त्याची जमीन म्हणजे साक्री, शिंदखेडा, नंदुरबारकडचे मुरमाड बरड आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या उघड्या टेकड्या, जिथे मातीचा थर वीतभर असतो आणि खाली काळा पाषाण. या भागात बेसाल्टच्या उभ्या भिंतींसारख्या लांबच लांब रांगा माळावरून मैलोगणती जातात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्यांच्या पायथ्याशी निसटून पडलेल्या दगडांत अशा उंदरांना हवा तसा आसरा मिळतो. वर कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल अशी गवते, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, अंजन. पाऊस चार महिने, तोही बेताचा. नंतर आठ महिने कोरडे आणि वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारे ऊन. सलग गवत, विरळ झाडे, दीर्घ कोरडा काळ, चराई आणि अधूनमधून लागणारा वणवा, अशा परिसंस्थेला जगभर सव्हाना म्हणतात आणि आफ्रिकेतल्या सव्हानाची चित्रे आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो. आपले माळरान हीही सव्हानाच आहे. जंगल तोडून उरलेली ती पडीक जागा आहे, असे समजणे मला चुकीचे वाटते. आफ्रिकेच्या गवताळ मैदानांतही ‘मस’ प्रजातीतलेच इवले उंदीर आहेत. ते ‘नॅनोमिस’ या वेगळ्या उपप्रजातीतले, म्हणजे आपल्या काटेरी उंदरांचे लांबचे भाऊबंद.

एवढ्या कडक जागेत दहा-पंधरा ग्रॅम वजनाचा प्राणी टिकतो तो बिळाच्या आधाराने. दिवसा दगड तापून हात लावू देत नाही, तेव्हा हातभर खाली हवा बरीच थंड आणि दमट राहते, आणि उंदीर बाहेर पडतो तो अंधार झाल्यावर. माळाला वणवा लागतो तेव्हा गवताची आग वाऱ्याबरोबर काही मिनिटांत पुढे सरकते आणि जमिनीच्या आत थोड्या अंतरावर उष्णता फारशी पोहोचत नाही, त्यामुळे बिळातला प्राणी वाचतो. त्याची खरी अडचण दुसऱ्या दिवसापासून सुरू होते, कारण आडोसा नसलेल्या काळ्या जमिनीवर घुबडाला तो लगेच दिसतो. खाणे म्हणजे गवताचे बी आणि कीटक.

आता शेताकडे येतो. बाजरी, दादर (रब्बी ज्वारी), भुईमूग आणि हरभरा यांची नासाडी खानदेशात जे करतात त्यांत लहान घूस, मऊ केसांचा शेतउंदीर आणि गोंडेदार शेपटीचा, उड्या मारत पळणारा जर्बिल हे मुख्य. त्यांच्या जोडीला बांधात राहणारा अगदी लहान, मऊ केसांचा आणि पांढऱ्या पोटाचा शेतउंदीर, ‘मस बूडुगा’. हा शेवटचा आकाराने तुमच्या उंदराएवढाच असल्यामुळे दोघांची गल्लत होते, पण त्याचे केस टोचत नाहीत आणि त्याचे बीळ बहुधा शेतात किंवा बांधातच असते. (मदुराईच्या विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचा जो अभ्यास केला, त्यात हाच बूडुगा होता. आपण ज्याला बांधावरचा क्षुद्र उंदीर म्हणतो, त्याने जीवशास्त्राला बरेच काही शिकवले आहे.)

तेव्हा शेजारच्या शेतकरी बंधूंना माझी विनंती अशी की त्यांनी माळ सोडून आपल्या शेताकडे लक्ष द्यावे आणि तेही पद्धतशीरपणे. संध्याकाळी शेतातली आणि बांधातली सगळी बिळे मातीने बुजवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील त्यांतच उंदीर आहेत, बाकीची रिकामी आहेत. औषध द्यायचे तर त्या जिवंत बिळांतच, खोल आत द्यावे आणि तोंड बंद करावे. झिंक फॉस्फाइड वापरायचे असल्यास आधी दोन-तीन दिवस औषध न मिसळलेला भरडा तेल लावून ठेवावा, कारण उंदीर नव्या खाण्याला बिचकतो आणि अर्धवट विषबाधा होऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही. झिंक फॉस्फाइडपासून पोटात फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून ते उघड्या हातांनी कधीही मिसळू नये आणि मुले, कुत्री, कोंबड्या यांच्या वाटेत ठेवू नये. ब्रोमाडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे वरवर सौम्य वाटतात, पण ती मेलेल्या उंदराच्या शरीरात शिल्लक राहतात आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या, धामणीच्या किंवा मुंगसाच्या अंगात जातात. माळावर सरसकट औषध टाकल्याने मरतील ते काटेरी उंदीर, जे तुमच्या बाजरीत येतच नव्हते, आणि त्यांच्या मागोमाग मरतील ते शिकारी, जे रात्रभर तुमच्याच शेतात घुशी आणि शेतउंदीर पकडत होते. पुढच्या हंगामात घुशी वाढतील. एका गावात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तिथल्या विहिरीच्या कपारीतले गव्हाणी घुबडाचे जोडपे त्यानंतर मला पुन्हा दिसले नाही.

‘उंदीर मारायला कायद्याची आडकाठी कुठे आहे’, असेही शेतमालकांनी विचारल्याचे तुम्ही लिहिले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची होती आणि तीत कावळा आणि फळे खाणारी वटवाघळे यांच्याबरोबर ‘उंदीर’ असा सरसकट शब्द उपद्रवी प्राणी म्हणून होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. शेतातल्या उंदरांचे नियंत्रण करण्यावर याने बंदी आलेली नाही. तरीही त्या एका शब्दाने आपल्या सगळ्यांची नजर अनेक वर्षे बोथट केली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातले एक उदाहरण देतो. रानपिंगळा हे लहान घुबड १८८४ नंतर कोणालाही खात्रीने दिसले नव्हते आणि ते नामशेष झाले असे धरले गेले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा दिसले, आणि त्यानंतर जगभरचे पक्षी-अभ्यासक तोरणमाळ आणि यावलच्या वाटा विचारू लागले. रानपिंगळ्याच्या खाण्यात सरडे, पाली आणि कीटकांबरोबर लहान कृंतकही असतात. घुबडासाठी इतकी धावपळ झाली ती योग्यच होती. पण त्याच उतारावर दगडाखाली राहणाऱ्या उंदराच्या नोंदी कोणी ठेवत नाही, आणि गायरान सपाट करून तिथे काही उभे करायचे ठरते तेव्हा त्या कागदांत त्याचे नावही येत नाही.

विद्यार्थ्यांना यापुढे काय करता येईल, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. पिंजरे लावू देऊ नका. पिंजऱ्यात पकडण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. सुरुवातीच्या वर्षांत, पौष महिन्यात, मी पिंजऱ्यांत कापूस ठेवायला विसरलो आणि सकाळी दोन लहान उंदीर गारठून मेलेले मिळाले. दहा ग्रॅमच्या जिवाची ऊब धातूच्या पेटीत किती लवकर जाते, हे मी त्या दिवशी शिकलो आणि त्याचे वाईट आजही वाटते. शिवाय उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग होऊ शकतात, म्हणून उघड्या हाताने उंदीर धरणे इथून पुढे थांबवावे. दगड उचललाच तर तो आपल्याकडे उलटावा, म्हणजे खाली फुरसे किंवा विंचू असल्यास मध्ये आडोसा राहतो, आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच, त्याच जागी ठेवावा. उचलून बाजूला टाकलेला दगड म्हणजे मोडलेले घर.

त्याऐवजी घुबडांची मदत घ्या. गव्हाणी घुबड शिकार बहुधा अख्खी गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांचा गोळा करून ओकते. जुन्या वाड्याच्या, पडक्या मंदिराच्या किंवा विहिरीच्या ज्या कोपऱ्यात घुबड बसते त्याच्या खाली असे गोळे पडलेले असतात. हातमोजे व तोंडाला फडके बांधून ते गोळा करावेत, चांगले वाळवावेत, कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने हळूहळू सोडवावेत. कवटीत पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असेल तर तो कृंतक. टोकदार दात सलग असतील तर चिचुंद्री. कृंतकाच्या वरच्या जबड्यात पहिली दाढ तिच्या मागच्या दोन्ही दाढा मिळून होतील त्याहून लांब असेल, तर तो ‘मस’ प्रजातीतला लहान उंदीर समजावा. अशा कवट्या गाव, जागा आणि तारीख लिहिलेल्या स्वतंत्र डब्यांत ठेवा. दिवाळीनंतर गवत कापले जाते त्या सुमारास मी साक्रीकडे येणार आहे, तेव्हा आपण त्या भिंगाखाली एकत्र पाहू, आणि त्या आधी खडे असलेली आणखी बिळे दिसली तर दगड न हलवता त्यांची जागा नकाशावर फुलीने नोंदवून ठेवा.